शंभर इच्छांची यादी आणि एक साधा मंगळवार

प्रश्न थोडक्यात असा: "वय ३४. दोन वर्षांपूर्वी एका रात्री बसून आयुष्यात करायच्या शंभर गोष्टींची यादी केली. आजवर तीन झाल्या. आता यादी उघडली की हुरूप येण्याऐवजी ओशाळल्यासारखं होतं. ही फाडून नव्यानं करावी की हीच रेटावी? आणि चारचौघांत जाहीर करून टाकली तर बळ मिळतं का?"

फाडू नका, आणि आहे तशी रेटूही नका. मी गेली बावीस वर्षं लोकांबरोबर बसून अशा याद्या करते, जुन्या याद्या पुन्हा उघडते, त्यातलं काय जगण्यात उतरलं आणि काय कागदावरच राहिलं ते बघते. शंभरातल्या तीन झाल्या याची मला काळजी वाटत नाही. जन्मभराच्या यादीला दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. त्या शंभरांतल्या तुमच्या स्वतःच्या किती, हे बहुधा कधी तपासलंच गेलेलं नाही. एका रात्रीत शंभर आकडा गाठायचा म्हटलं की साठ-सत्तरनंतर माणूस आठवेल ते लिहू लागतो: मित्राच्या फोटोत पाहिलेलं, भावंडानं केलेलं, कुठल्या तरी लेखात वाचलेलं. मग दोन वर्षांनी ती यादी दुसऱ्याच कोणाची तरी वाटते आणि आपण त्या माणसाचं देणं लागतो अशी टोचणी लागून राहते.

अशा यादीचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण जॉन गोडार्ड यांचं. १९४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, या अमेरिकन मुलानं १२७ ध्येयं लिहून काढली. पहिलंच होतं नाईल नदीचं. १९५० मध्ये दोन फ्रेंच सोबत्यांना घेऊन ते छोट्या कयाकमधून नाईलवर निघाले आणि सुमारे नऊ महिन्यांनी नदीच्या मुखाशी पोचले. २०१३ मध्ये ते वारले तेव्हा १२७ पैकी शंभराहून जास्त गोष्टी झालेल्या होत्या. एव्हरेस्ट राहिलं. चंद्रावर जाणं राहिलं. लोक यातला साहसाचा भाग सांगतात. मी लोकांना दोन वेगळ्या जागा दाखवते. पहिल्या क्रमांकाची गोष्टसुद्धा सुरू व्हायला दहा वर्षं गेली. आणि ज्या यादीत नाईल होती, त्याच यादीत मिनिटाला ५० शब्द टाइप करायला शिकणंही होतं. मोठ्या गोष्टींच्या शेजारी पुढच्याच महिन्यात होतील अशा गोष्टी होत्या, म्हणून ती वही पुन्हापुन्हा उघडावीशी वाटत राहिली असणार असं मला वाटतं.

याच ओघात एक गोष्ट बाजूला काढू, कारण ती तुमच्याही कानावर आली असेल. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीतल्या ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून ठेवली होती, त्यांच्याकडे वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त संपत्ती होती, असं शिबिरांतून सांगतात. असा अभ्यास झालेलाच नाही. लिहिण्यात जादू नाही. लिहिण्याचा उपयोग इतकाच, आणि तो पुष्कळ आहे, की मनात धूसर असलेली इच्छा कागदावर आली की तिला प्रश्न विचारता येतात.

मी विचारते तो पहिला प्रश्न मंगळवारचा.

काही वर्षांपूर्वी ५२ वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. बँकेतली नोकरी, मुलं मार्गी लागलेली, हातात निळ्या पुठ्ठ्याची वही. सुवाच्य अक्षरात ६४ कलमं. सातवं होतं, 'बासरी वाजवायला शिकायची.' मी म्हटलं, "लोकांसमोर वाजवायचा दिवस आत्ता सोडून द्या. मंगळवार आहे. रात्रीचे पावणेनऊ झालेत, दिवसभराचा शीण आहे. शिकायला लागून चार महिने झालेत, तरी दर तिसऱ्या फुंकरीला नुसती हवाच बाहेर येते. तोच एक स्वर चाळीस वेळा काढायचाय. हे करताना स्वतःला बघा. बरं वाटतंय का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला बासरी ऐकायला आवडते हो. वाजवायची आहे असं मला उगीच वाटत होतं." कलम खोडलं आणि त्याच्या जागी त्यांनी लिहिलं: दर महिन्याला एक मैफल, समोर बसून.

एकेचाळिसाव्या कलमाशी आलो. 'लाकडाचं एक टेबल स्वतः बनवायचं.' तोच मंगळवार, तोच शीण. यावेळी मला काही विचारावंच लागलं नाही. ते खुर्चीत पुढे सरकले आणि हातांनीच दाखवू लागले: रंधा मारताना लाकडाची पातळ पट्टी कशी वळत वळत निघते, तिला वास कसा येतो, लहानपणी आजोबांच्या ओळखीच्या सुताराकडे बसून ते तासन्‌तास हेच बघत राहायचे. टेबल होईल की नाही हा प्रश्नच त्यांच्या डोक्यात नव्हता. त्यांना तो मंगळवार हवा होता. दोन तासांनी ६४ ची १९ झाली होती आणि माणूस हलका होऊन उठला होता.

ध्येय गाठल्याचा दिवस एकच असतो. त्याच्या वाटेवरचे मंगळवार शेकड्यांनी असतात. शिखरावरचा फोटो ज्याला हवा आहे आणि पहाटे साडेपाचला उठून चढण चालायची ज्याला ओढ आहे, ती दोन वेगळी माणसं आहेत. यादी चढणीची ओढ असलेल्यानं करावी. यातून एक सूट मी देते. काही गोष्टींची वाट नावडती असूनही त्या करायच्याच असतात, कर्ज फेडणं किंवा पाठीचं दुखणं बरं करणं यासारख्या. त्या वेगळ्या पानावर लिहा. ती कर्तव्यं आहेत. इच्छांच्या रांगेत बसवली की ती इच्छांचाही रंग घालवतात.

दुसरा प्रश्न छोटा आहे: ही गोष्ट केल्याचं कधीच कोणाला कळणार नसेल, तरी कराल का? इथं बरीच प्रवासाची कलमं गळतात. जी टिकतात ती मात्र पक्की असतात.

नव्यानं लिहायला बसाल तेव्हा एका बैठकीत संपवू नका. पहिल्या दिवशी सुचेल ते लिहावं, मग आठवडाभर वही मिटून ठेवावी, आणि दुसऱ्या बैठकीत हे दोन प्रश्न लावावेत. शंभरचा हट्ट सोडा. माझ्या अनुभवात वीस-पंचवीसच्या पुढे गेलेली यादी माणसाच्या तोंडपाठ राहत नाही, आणि जी तोंडपाठ नाही ती ऐनवेळी, म्हणजे एखादी संधी समोर उभी असताना, उपयोगी पडत नाही. सुचत नसेल तर दोन वाटा सांगते. बारा-तेराव्या वर्षी तुम्ही तासन्‌तास कशात रमत होता, आणि ते कधी सुटलं? आणि कोणाचं बघून पोटात हलकीशी कळ येते? हेवा वाटणं चांगलं नाही असं आपल्याला शिकवलेलं असतं, पण आपल्याला काय हवंय हे हेव्याइतकं सरळ कोणी सांगत नाही. त्यात गाडीचा हेवा कोणता आणि गाणाऱ्या माणसाचा कोणता, एवढं निवडून घ्या.

टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पश्चात्तापावर काम केलं. नुकत्याच घडलेल्या गोष्टींत लोकांना केलेल्या चुका जास्त बोचतात, पण सबंध आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात, असं त्यांना आढळलं. मी रोज हेच ऐकते. म्हणून 'फसलं तर?' या भीतीनं कुठलंही कलम वगळू नका. वगळायचं असेल तर 'हे माझं नाही' म्हणूनच वगळा.

भाषाही बघा. 'लेखक व्हायचं', 'पुरस्कार मिळवायचा' अशी कलमं दुसऱ्यांच्या मर्जीवर टांगलेली असतात. त्यांचा आपल्या हातातला भाग वेगळा काढावा: कादंबरीचा खर्डा पूर्ण करायचा, पाच जणांना वाचायला द्यायचा, त्यांचं ऐकून पुन्हा लिहायचा. छापून येणं हे पुढचं.

आता मुदतीबद्दल. याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण मी स्वतः इथं चुकले आहे.

बहुतेकजण यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे एक साल लिहितात आणि ते साल मनानं ठरवतात. खरं तर प्रत्येक कलमाची मुदत कुठे तरी आधीच ठरलेली असते. काहींची मुदत आपल्या शरीरात असते. पाठीवर वजन घेऊन दहा दिवसांची डोंगरातली चाल साठीतही होते, पण चाळिशीत ती सोपी जाते. काहींना मुदतच नसते. चित्रकला, परकी भाषा, बागेतला एक वाफा नीट राखणं हे सत्तरीतही सुरू होतं. आणि काहींची मुदत दुसऱ्या माणसात असते.

माझी पहिली यादी मी २९ व्या वर्षी केली. तिच्यात एक ओळ होती: आईबरोबर तिचा डोंगर चढायचा. लहानपणी ती मैत्रिणींबरोबर एका डोंगरावर जायची, वरच्या टाक्यातलं पाणी प्यायची, ते वर्णन मी शंभर वेळा ऐकलं होतं. अवघी दीड तासाची चढण. सोपी गोष्ट आहे, कधीही होईल, म्हणून मी ती खाली ढकलत गेले. आधी परीक्षा, मग नोकरीतली बदली, मग माझी मुलगी लहान होती. मी ३८ वर्षांची झाले आणि एकदा खरोखरच सुट्टी काढून तिला म्हटलं, चल. आई होती, उत्साही होती, पण तिचे गुडघे राहिले नव्हते. आम्ही पायथ्याला गेलो. ती एका दगडावर बसली आणि बोटानं वाट दाखवत राहिली: तिथून डावीकडे वळायचं, तिथं करवंदीची जाळी होती. मी एकटी वर जाऊन बाटलीत पाणी भरून आणलं. ते तिनं घोट घोट करून प्यालं आणि चव तीच आहे म्हणाली. तो दिवस चांगला गेला, पण यादीतली ओळ ती नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येकाला समासात एक खूण करायला सांगते: या गोष्टीत दुसरं माणूस लागतं का? लागत असेल तर त्याचं आजचं वय लिहा. तुमचं नव्हे, त्याचं. आजीकडून ओव्या उतरवून घ्यायच्या असोत, वडिलांना घेऊन त्यांची शाळा बघायची असो, की मुलगा दहा वर्षांचा असेतो त्याच्याबरोबर सायकलवर लांब जायचं असो. ही कलमं सोपी आणि छोटी असतात, म्हणूनच ती मागे राहतात. माझ्या मते यादीतली पहिली जागा त्यांची. एव्हरेस्ट थांबतं.

प्रत्यक्ष अमलात आणायचं म्हणजे काय, तर आधी तास मोजायचे. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशसाठी साधारण ६०० ते ७५० तासांचं वर्गशिक्षण धरते आणि जपानीसाठी सुमारे २,२००. रोज अर्धा तास द्यायचा म्हटला तर स्पॅनिशला सव्वातीन ते चार वर्षं आणि जपानीला बारा वर्षं. हा हिशेब ऐकून काहींचा चेहरा पडतो. पण हिशेब न करता जपानी सुरू करणारा माणूस आठव्या महिन्यात स्वतःला मठ्ठ ठरवून सोडून देतो, आणि तो मठ्ठ नसतो. त्याची गती अगदी ठीक असते, फक्त त्याचा अंदाज चुकलेला असतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिलं, नियोजनाचा भ्रम. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ मध्ये ७० लाख डॉलरांत व्हायचं होतं. ते १९७३ मध्ये १० कोटी २० लाखांत उघडलं. तिथं निष्णात लोक होते. तेव्हा आपलं टेबल तीन महिन्यांत होईल असं वाटलं, तर ज्यानं आधी टेबल बनवलंय त्याला विचारा की तुला किती लागले, आणि त्याचा आकडा धरा. त्या गृहस्थांना चौदा महिने लागले.

तास कळले की एका वेळी चालू ठेवायच्या गोष्टी आपोआप दोन-तीनवर येतात, कारण नोकरी-घर सांभाळून आठवड्याला पाच-सहा तासांहून जास्त सुटत नाहीत. बाकीची यादी झोपलेली असू दे. झोपलेली म्हणजे मेलेली नव्हे. तुमचं ओशाळणं मला वाटतं इथून येतं: शंभरच्या शंभर गोष्टी तुम्ही जाग्या ठेवल्या आहेत आणि सगळ्या एकदम तुमच्याकडे बघताहेत.

जी दोन-तीन चालू आहेत, त्यांना आठवड्यात ठरलेली जागा द्या. 'वेळ मिळेल तेव्हा' असं लिहिलेलं कलम कधीच होत नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलेली एक रीत मी सर्रास वापरते: 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच ठरवून ठेवायचं. रात्रीची भांडी आवरली की वही घेऊन बसेन. पाऊस असेल तर पळायला न जाता जिना दहा वेळा चढेन. दुसरं वाक्य पहिल्याहून जास्त महत्त्वाचं, कारण अडथळा येणारच असतो. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या प्रयोगांत यशाची नुसती गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचा जोर उलट कमी झालेला दिसला. स्वप्नाशेजारी स्वतःतला अडसर मांडणाऱ्यांचा, स्वप्न आवाक्यातलं असेल तर, वाढला. म्हणून चालू कलमाखाली एक ओळ अडसराची लिहा, आणि ती प्रामाणिक असू द्या. 'वेळ नाही' हे फारच कमी वेळा खरं असतं. 'दहानंतर फोन हातात घेतला की सुटत नाही' हे लिहिलंत तर त्यावर काही करता येतं.

चारचौघांत जाहीर करण्याबद्दल: गोष्ट 'मी अमुक आहे' या प्रकारची असेल, म्हणजे लेखक, धावपटू, वादक, तर सांगू नका. २००९ मध्ये गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, अशा संकल्पाची दुसऱ्यानं दखल घेतली की लोकांचे प्रत्यक्ष प्रयत्न कमी झालेले दिसले. कौतुक आधीच पदरात पडतं आणि काम थोडं झाल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा एकाच माणसाला सांगा, जो दर पंधरा दिवसांनी 'झालं का?' विचारेल आणि नाही म्हटलं तरी तुम्हाला लाज वाटू देणार नाही. असं माणूस निवडायला वेळ लागला तरी चालेल.

वर्षातून एकदा यादी घेऊन बसावं. दिवस वाढदिवसाचा बरा, कारण त्या दिवशी आपलं वय आपल्याला खरोखर जाणवतं. झालेलं, चालू, झोपलेलं आणि सोडलेलं, एवढ्याच खुणा. 'सोडलेलं' या पानाला मी फार मान देते. कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम सांगतं की अशक्य झालेली ध्येयं ज्यांना सोडता येतात आणि त्यांच्या जागी नवी धरता येतात, त्यांचं मन जास्त स्वस्थ राहतं. पण गुपचूप सोडलं तर ते सुटत नाही, ते सलतच राहतं. तारीख घालून, कारण लिहून सोडा. माझ्याकडे आलेल्या एका नर्तिकेनं घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर 'एकल प्रयोग' हे कलम त्या पानावर आणलं, खाली तीन ओळी लिहिल्या, आणि पुढल्या आठवड्यात शिकवणीचा वर्ग सुरू करायची नोंद केली. त्या तीन ओळी लिहिताना ती रडली, पण यादी तिनं नंतरही आनंदानं उघडली.

तेव्हा तुमच्या शंभरांसाठी असं करा. दोन संध्याकाळी, मध्ये आठवडा. मंगळवार लावा, 'कोणाला कळणार नसेल तर' लावा, दुसऱ्या माणसांची वयं समासात लिहा. पंधरा उरल्या तरी पुरे. त्यातल्या दोन चालू करा, आणि त्या दोनांत एक तरी दुसऱ्या माणसाचं वय लिहिलेली असू द्या.

आणि त्या आधी आणखी एक. झालेल्या तीन गोष्टी कोणत्या, ते तुम्ही प्रश्नात सांगितलंच नाहीत. सत्त्याण्णव राहिल्या एवढंच कळलं. पहिल्या संध्याकाळी वहीचं पहिलं पान त्या तिघींना द्या. कुठला दिवस होता, बरोबर कोण होतं, ऐनवेळी काय बिघडलं, घरी आल्यावर रात्री झोप कशी लागली. आठवेल तेवढं सगळं लिहा, आणि मग पान उलटून चौथीकडे या.